आधी माती, मग फळी

कारंज्यात जुना वाडा बघायला आलेला लाकडाचा व्यापारी उंबरा ओलांडला की भिंतींकडे बघत नाही, मान वर करतो. बैठकीवर कड्या किती, दोन कड्यांमध्ये अंतर किती, वरच्या फळ्या अखंड आहेत की तुकडे जोडलेले, हे तो उभ्या उभ्या टिपतो आणि मनात घनफुटाचा हिशेब मांडतो. खालच्याचं छत तीच वरच्याची जमीन, त्यामुळे त्याला माडीवर चढायचीही गरज पडत नाही. मालक मात्र त्याला दाराची नक्षी दाखवत बसतो.

आमचं घराणं वाढयाचं. आजोबांनी माड्या घातल्या, वडिलांनी थोड्या घातल्या आणि बऱ्याच उतरवल्या, आणि मी आयटीआयमध्ये पोरांना सुतारकाम शिकवून निवृत्त झालो. तिथं सांधे शिकवले, दरवाज्याची चौकट शिकवली, खुर्ची-टेबल शिकवलं. एकदा बसवलेली लाकडी जमीन फळी न फाटता उचलायची कशी, हे मी कधी वर्गात शिकवलं नाही, कारण कोणी विचारलंच नाही. जुन्या कारंज्यात मात्र त्या कामाला माडी घालण्याइतकाच मान होता, आणि मजुरीही जवळपास तेवढीच मिळे. हे आजच्या माणसाला पटत नाही. पाडायला कशाला वाढई लागतो, असं तो म्हणतो.

आमच्याकडची माडी कशी असते ते आधी सांगतो. वऱ्हाडातली जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवर भिंत कधी ना कधी हलणारच. म्हणून जाणत्या माणसांनी घराचा भार भिंतीवर टाकलाच नाही. दगडी तळखड्यांवर सागवानी खांब उभे केले, खांबांच्या डोक्यावर हस्त, हस्तांवर मोठे मयाल, मयालांवर आडव्या कड्या आणि कड्यांवर फळ्या. भिंत नुसती आडोशाला. फळ्यांच्या फटींवर पळसाची पानं नाहीतर तरट, गरिबाघरी फळ्यांऐवजी तुराट्या-पऱ्हाट्या, आणि त्यावर गावठाणातली पांढरी माती चांगली वीतभर जाड. ती चोपायची, सारवायची. वर राहणाऱ्या बाईला आपण लाकडावर राहतो हे जाणवतही नसे, तिच्या पायाखाली शेणसारवलेली जमीनच असे. उन्हाळ्यात खालची खोली गार राहायची ती या मातीमुळे.

तेव्हा आमच्याकडे लाकडी जमीन उचलायची म्हणजे पहिली गाठ मातीशी पडते. दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीवर अर्धा फूट माती धरली तरी वजन अडीच-पावणेतीन टनांच्या घरात जातं. इतक्या भाराखाली फळी वर्षानुवर्षं वाकलेली असते, कडी वाकलेली असते, आणि दोघी एकमेकींच्या वाकण्याला सरावलेल्या असतात. कित्येक घरांत फळ्यांना खिळाच नसतो. माती हाच त्यांचा खिळा.

विलायती घरांतली लाकडी जमीन वेगळी. तिथं फळ्या कड्यांवर ठोकलेल्या आणि वरून उघड्या. एका फळीच्या कडेला जीभ, शेजारणीच्या कडेला तिला बसेल अशी खाच, आणि खिळा त्या जिभेतच तिरका लपवलेला. विजेची तार किंवा पाण्याचा नळ टाकायचा झाला की ती जमीन उचलावी लागते, म्हणून तिकडे या कामासाठी रुंद पात्याची वेगळी छिन्नीच मिळते. पुण्यामुंबईच्या जुन्या बंगल्यांत मी तशी जमीन पाहिली आहे. तिथं पातळ करवतीनं दोन फळ्यांमधली जीभ आधी कापून टाकावी लागते, तेव्हा पहिली फळी सुटते. आमच्या कारंज्याच्या फळीला जीभ नाही, लपवलेला खिळाही नाही. आमची अडचण डोक्यावरची.

आमच्या गावाला वाड्यांचं वय वाढवून सांगायची हौस आहे. कोणताही वाडा दाखवला की तो शिवकालीन. गाव जुनं आहे यात शंका नाही. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून दत्तभक्त इथं येतात. जैनांच्या तीन भट्टारक परंपरांची पीठं इथं होती, आणि काष्ठासंघाच्या मंदिरातलं लाकडी कोरीव काम बघायला अजून लांबून माणसं येतात. पैसा तर इतका होता की 1670 च्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या फौजेनं कारंजा लुटलं, तेव्हा एक कोटीच्या घरातला ऐवज चार हजार बैल-गाढवांवर लादून नेला, असं जदुनाथ सरकारांनी लिहिलं आहे. सोनं, चांदी, उंची कापड गेलं. कड्या-फळ्या जिथल्या तिथं राहिल्या असणार. पण म्हणून आजची प्रत्येक माडी त्या वेळची ठरत नाही.

वय कळतं ते फळी उलटी केल्यावर. खालून दिसणारी बाजू रंध्यानं गुळगुळीत केलेली, तेल पाजलेली. मातीखालची बाजू कोण बघणार? ती सुतारानं तशीच सोडलेली. तिच्यावर वाकसाचे उथळ खवले असतील तर फळी जुनी. तिरप्या, थोड्या वेड्यावाकड्या रेघा असतील तर एक माणूस वर, एक खाली उभा राहून दोघांनी ओढलेल्या आऱ्याची. एकसारख्या गोल कमानी दिसल्या की समजायचं, लाकूड आरागिरणीतून आलं, म्हणजे फार तर शंभर-सव्वाशे वर्षांचं. माझ्या हाताखालून गेलेल्या बहुतेक फळ्या दुसऱ्या आणि तिसऱ्या जातीच्या होत्या. 'शिवकालीन' म्हणवणाऱ्या एका माडीत निम्म्या फळ्यांवर कमानी निघाल्या तेव्हा मालकाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यानं मला फळ्या पुन्हा पालथ्या घालायला सांगितल्या.

त्या कमानींमागे कापूस आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे, 1861 ते 1865 च्या दरम्यान, वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला. पुढं मूर्तिजापूरहून कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला जाणारी अरुंद रुळांची गाडी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुरू झाली. तिलाच आपण शकुंतला म्हणतो. गाठी तिकडे गेल्या, येताना मंगलोरी कौलं, लोखंडी गर्डर आणि तारेच्या चुका आल्या. त्याआधीचं सागवान मेळघाटातून नाहीतर पैनगंगेपलीकडच्या माहूर-किनवटच्या रानातून बैलगाडीनं येई, असं आजोबा सांगत. एक मयाल आणायचा म्हणजे किती बैल, किती मुक्काम! एवढ्या कष्टानं आलेलं लाकूड एका घराबरोबर संपून जावं, हा विचारच त्या माणसांना शिवत नसे. भावाभावांच्या वाटण्या झाल्या की धाकट्याच्या वाट्याला दोन खणांची माडी येई, आणि ती उकलून तो गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा बसवी. लेकीच्या घराला कड्या कमी पडल्या तर बापाच्या माडीतून जात.

दुष्काळातही हेच. संवत 1956 चा, म्हणजे 1899-1900 चा छप्पनचा दुष्काळ वऱ्हाडाला फार लागला. आमच्या घरात चालत आलेली हकिकत अशी, की त्या साली पणजोबांना घर बांधायचं एकही काम नव्हतं, पण माडी उतरवायची कामं दारात होती. लोक एकेक खण विकत. आधी माडीच्या फळ्या, मग कड्या, शेवटी कवाडं. खांब आणि मयाल ठेवायचे, दिवस पालटले की पुन्हा माडी घालता येईल म्हणून. फाटलेल्या फळीला व्यापारी निम्मा भाव देई. म्हणून खाऊन-पिऊन सुखी असताना जे काम कोणीही करू शकला असता, त्याला त्या साली चांगलाच वाढई लागत होता.

वडिलांनी मला पहिल्यांदा माडी उकलायला नेलं ते चैत्रात. हे काम चैत्र-वैशाखातच करायचं. लाकूड सुकून आवळलेलं असतं, फटी उघडतात, माती भुसभुशीत होते आणि मृगाआधी वर काहीतरी झाकण घालायला वेळ उरतो. श्रावणात तीच फळी फुगून शेजारणीला असा दाब देते, की काढताना कडेची चिलपी निघालीच. मी सब्बल घेऊन तयार होतो. वडिलांनी ती घेतली आणि अंगणात टाकली. "माती निंगाल्याबिगर फयीले हात लावू नोको," एवढंच म्हणाले.

आधी खालच्या खोलीत मयालांना आणि मधल्या कड्यांना टेकू द्यायचे. टेकू घट्ट ठोकायचा नाही, हातानं हलवला तर हलेल इतपत लावायचा, नाहीतर तोच कडीला वर रेटतो. मग माती. कुदळ चालत नाही, कारण तिचं टोक फळीत कुठं जाईल सांगता येत नाही. फावड्याच्या पात्यानं वरचा थर खरवडायचा, चार बोटं उरली की लाकडी पाटीनं, आणि शेवटचा भुगा झाडूनं. एका कोपऱ्यातून सुरू करून दुसऱ्या कोपऱ्याकडे जायचं नाही. मधून दोन्ही भिंतींकडे, सगळीकडे सारखी पातळ करत जायची. एका अंगाची माती गेली आणि दुसऱ्या अंगाची राहिली, तर मोकळी झालेली कडी वर उसळते, भारलेली खालीच राहते आणि दोघींवर पडलेली फळी मधोमध तडकते. आवाज येतो आणि काम संपतं. माती पूर्ण उतरली की त्या दिवशी फळीला हात लावायचा नाही. रात्रभर लाकडाला मोकळं होऊ द्यायचं. रात्री माडी करकरत असते, घरातली पोरं घाबरतात.

दुसऱ्या दिवशी खुणा. खडू पुसला जातो म्हणून वडील गेरूनं आकडे घालत, आणि तेही खालच्या गुळगुळीत बाजूला नाही तर वरच्या खडबडीत बाजूला, म्हणजे पुन्हा बसवल्यावर मातीखाली जातील. आकड्याशेजारी एक बाण, जिन्याच्या दिशेचा. जुन्या फळ्यांवर आधीच कोणाचे तरी आकडे सापडत. कधी कोळशाचे, कधी पटाशीनं मारलेल्या चिरा. एकाच फळीवर दोन-दोन हातांच्या खुणा, म्हणजे ती फळी याआधी एकदा तरी उठून बसलेली. हिशेब जुळत नसेल तर ती दुसऱ्या घरातून आलेली. वाड्यांच्या बखरी कोणी लिहून ठेवल्या नाहीत, पण ही नोंद आहे, आणि वाचायला मोडी यावी लागत नाही.

मग शेवटची फळी शोधायची. माडी घालताना सुतार एका भिंतीपासून निघतो आणि शेवटी उरलेल्या जागेत मापानं तासलेली, बहुतेक वेळा इतरांहून अरुंद अशी फळी ठोकून बसवतो. ती बहुधा जिन्याच्या तोंडाशी असते, कारण सुतारालाही खाली उतरायचं असतं. सगळ्यांत शेवटी बसलेली, तीच सगळ्यांत आधी उठते. ती सापडली की बाकीच्या जवळपास हातानं निघतात. ती न शोधता मधलीच कुठली तरी उचकटायला जाणारे मी पुष्कळ बघितले. त्यांच्या ढिगाऱ्यात अखंड फळी क्वचितच असते.

खिळे असतील तर वेगळा उद्योग. फळीच्या टोकाखाली बारीक पाचर सारायची, दोन सूत उचलायची, मग पुढच्या कडीपाशी जायचं, तिथंही दोनच सूत. असं टोकापासून टोकापर्यंत जाऊन परत यायचं. फळी थोडी वर आली की पाचरी काढून तिच्यावर लाकडाचा ठोकळा ठेवायचा आणि मोगरीनं तिला परत खाली बसवायची. ती खाली जाते, खिळ्याचं डोकं मात्र वर राहतं. मग जंबुऱ्याच्या खाली लाकडाची चीप ठेवून तो सरळ ओढायचा. जंबुरा फळीवर टेकवला की तिथं खळगा पडलाच. गंजलेला खिळा हलत नसेल तर त्याच्या डोक्यावर लाल तापलेली सळई क्षणभर टेकवायची. लोखंड तापून फुगतं, गार होताना आकसतं आणि गंजाची पकड सुटते. तेवढ्यानंही नाही झालं तर फळी आणि कडीच्या फटीत करवतीचं पातं घालून खिळाच कापायचा. खिळ्यासाठी फळी घालवायची नाही.

सागवानात ही वेळ कमी येते. त्याच्या अंगचं तेल लोखंडाला सांभाळतं, लोहारानं घडवलेला चौकोनी खिळा शंभर वर्षांनी काढला तरी आत काळाभोर, धडधाकट निघतो. बाभळीचं उलट. जिच्या सालीनं कातडी कमावतात, तिच्या लाकडाचा तुरटपणा लोखंड खातो, आणि डोकं धरून ओढलं की नुसतं डोकंच हातात येतं. जहाजं बांधणाऱ्यांना हे फार पूर्वी ठाऊक होतं. वाडियांनी मुंबईत 1817 मध्ये बांधलेली सागवानी युद्धनौका 'ट्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून पाण्यावर आहे. कारंज्यात मात्र शंभर वर्षांचं सागवान म्हटलं की लोक विचारतात, उधई लागली असेल ना?

उकललेलं घर पुन्हा उभं राहतं, याचे दाखले आमच्या गल्लीबाहेरही आहेत. कोथरूडच्या मस्तानी महालाचे भाग दिनकर केळकरांनी पुण्याच्या आपल्या संग्रहालयात नेऊन पुन्हा उभे केले. चेन्नईजवळच्या दक्षिणचित्रमध्ये, 1996 पासून, गावोगावची घरं उतरवून आणून मांडलेली बघायला मिळतात. वऱ्हाडातला एक खण कोणी असा कुठं नेऊन मांडल्याचं माझ्या पाहण्यात नाही. आमचं लाकूड बाहेर जातं ते हॉटेलांच्या भिंतींना आणि शहरातल्या टेबलांना. गिऱ्हाईक हौशीनं विचारतं, हे भोक कसलं? ते माझ्या आजोबांच्या खिळ्याचं असू शकतं.

माड्यांचा खरा घात 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेनं केला. भूकंप लातूर-उस्मानाबादकडे झाला, किल्लारीला, पण धसका आमच्यापर्यंत आला. तेव्हा कारंजा अकोला जिल्ह्यात होतं, वाशीम जिल्हा व्हायला 1 जुलै 1998 उजाडायचा होता. पेपरात मातीची माळवदं आणि त्यांच्याखाली गाडली गेलेली माणसं दिसली आणि पुढच्या उन्हाळ्यात वडिलांना माती उतरवण्याची इतकी कामं आली, की त्यांना नाही म्हणावं लागलं. लोक एकच वाक्य बोलत, डोक्यावरची माती काढा. काढली ते बरंच झालं. पण मातीसोबत त्यांनी खांब-मयालही काढले आणि दगडमातीच्या भिंतींवर टिनाचे पत्रे टाकले. किल्लारीकडे माणसं मेली ती मुख्यतः मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या भिंती फुटून, वरून माळवद कोसळून. जिथं छत लाकडी खांबांवर पेललेलं होतं तिथं भिंती ढासळूनही सांगाडा उभा राहिल्याची उदाहरणं होती. आम्ही दोषी सोडला आणि साक्षीदार फासावर दिला. हे मी तेव्हाही म्हणत होतो, कोणी ऐकलं नाही, कारण वाढयाचा पोरगा लाकडाचीच बाजू घेणार.

आता तर उकलण्याचा प्रश्नच उरला नाही. घरकुल मंजूर झालं की जुनं घर जागेवरून हलवायचं असतं, आणि समृद्धी महामार्गाच्या मोबदल्यानं ज्यांच्या हाती पैसा आला त्यांना स्लॅबची घाई होती. जेसीबी सकाळी येतो, दुपारी अंगण मोकळं. लाकूडवाला ढिगाऱ्यातून कड्या ओढून नेतो, फळ्यांचा निम्मा भाग जळणात. एका खणाची माडी दोन माणसं आणि एक जाणता मिळून तीन-चार दिवसांत अखंड उतरवतात. त्यांची मजुरी द्यायची आणि अखंड फळी विकायची, की जेसीबीचं भाडं द्यायचं आणि चिरफळ्या विकायच्या, हा हिशेब मी कित्येक मालकांना कागदावर मांडून दाखवला. पहिल्याच रकान्यात जास्त पैसे उरतात. मान डोलावतात आणि जेसीबीवाल्याला फोन लावतात, कारण मुलगा पुण्याहून चार दिवसांच्या सुट्टीवर आलेला असतो.

जे ऐकतात ते शेवटी एक प्रश्न हमखास विचारतात, एवढ्या मातीचं काय करायचं? तिला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. जुन्या घराची पांढरी माती म्हणजे वर्षानुवर्षांचं शेण, राख, क्षार. गावातले म्हातारे शेतकरी आजही तिच्यासाठी ट्रॉली घेऊन येतात आणि हळदी-मिरचीच्या वाफ्यात पसरतात. फक्त ती चाळून घ्या म्हणावं. एखादा चौकोनी खिळा राहून गेला तर बैलाच्या खुरात जातो.